उद्घाटनाला नेलेली मशीन

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल, आणि तुमच्या घरातल्या कुणाला माझ्याकडे यावं लागू नये असंच मला वाटतं. मी रक्त धुणारी मशीन आहे. डॉक्टर मला डायलिसिस मशीन म्हणतात. कृष्णाकाठच्या सावळखोप गावचे लोक नुसतंच 'मशीन' म्हणायचे आणि बनुबाई नावाची एक म्हातारी मला 'बाई' म्हणायची. त्या गावच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात मी काही वर्षं काम केलं. आता मी जुनी झाले आहे. तसं माझं वय फार नाही. पण ज्यांच्यावर मी विसंबले होते, त्यांनीच मला वयाआधी जुनं केलं. ती हकिकत सांगायला मी आज बोलते आहे.

आपल्या पोटात, पाठीच्या बाजूला, दोन मूत्रपिंडं असतात. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी ती दिवसरात्र बाहेर काढत असतात. ती निकामी झाली की माणसाचे पाय सुजतात, जेवण जात नाही, चार पावलं चाललं तरी धाप लागते. मग ते काम मला करावं लागतं. हातातल्या सुईवाटे मी रक्त घेते, गाळणीतून फिरवते आणि दुसऱ्या सुईनं परत देते. एका माणसाला चार तास लागतात, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा हे करावं लागतं. दिवाळी असो की घरचं लग्न, वार चुकवून चालत नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटीत बसून मी आधी जहाजातून आणि मग ट्रकमधून आले, त्यामुळे वाटेतलं मला काहीच दिसलं नाही. पेटी उघडली तेव्हा समोर फिकट हिरव्या रंगाची एक छोटी खोली होती आणि दारात गाव जमला होता. सगळ्यांच्या पुढे लालासाहेब उभे होते.

लालासाहेब तेव्हा कोणी मोठे नव्हते. उसाच्या हंगामात स्वतःचा ट्रॅक्टर वाहतुकीला लावायचे, एरवी शेती बघायचे. बनुबाई ही त्यांची आई. तिची मूत्रपिंडं गेल्यापासून ते तिला एसटीनं सांगलीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. जाताना ती खिडकीला डोकं टेकून बसायची आणि येताना त्यांच्या मांडीवर आडवी व्हायची. एकदा परतीच्या वाटेवर ती बसमध्येच बेशुद्ध पडली. दुसऱ्या दिवसापासून लालासाहेब सावळखोपच्या रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन बसले. जो अधिकारी येईल त्याला ते एकच सांगायचे, "खोली हाय, डॉक्टर हाय, लाईट हाय. मशीन तेवढी न्हाई. ती द्या, मी उठतो."

हळूहळू त्यांच्या शेजारी गाव बसू लागला. शेवटी सरकारच्या निधीतून मी मंजूर झाले. पण मला पाणी फार लागतं, आणि तेही साध्या पाण्याहून कितीतरी शुद्ध. पाणी शुद्ध करणारं यंत्र सरकारनं दिलं, पण टाकीपासून खोलीपर्यंतची नळाची चर खणायची राहिली. ती गावानं खणली. पहिली कुदळ लालासाहेबांनी मारली, असं मी पुढे पुष्कळांच्या तोंडून ऐकलं.

माझ्याकडे पहिली आली ती बनुबाईच. खाटेवर बसून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या अंगावरच्या नळ्या, दिवे, गोल फिरणारा पंप. मग तिनं माझ्या बाजूच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, माझं रगत तुझ्या हाती देतीया. सांभाळून घे."

मी सांभाळून घेतलं. चार तासांनी ती उठली आणि चालत घरी गेली. घर एवढं जवळ होतं की लालासाहेबांना ट्रॅक्टरसुद्धा काढावा लागला नाही.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. मला चालवायला स्वप्नाली नावाची तंत्रज्ञ होती. सांगलीजवळच्या एका जैन कुटुंबातली, बोलायला कमी, हाताला चपळ. रोज संध्याकाळी ती माझ्या पोटातल्या नळ्या औषधानं धुवून काढायची. पाणी शुद्ध करताना जे पाणी बाहेर पडतं ते लोक गटारात सोडतात. तिनं ते पिंपात साठवलं आणि रुग्णालयाच्या चादरी त्या पाण्यानं धुतल्या जाऊ लागल्या. एक रुग्ण उठला की दुसरा लगेच झोपेल असे तिनं वार लावून दिले होते. जिल्ह्याचे अधिकारी एकदा आले आणि म्हणाले, "मोठ्या दवाखान्यांतल्या मशिनी आठवड्याला बंद पडतात. तुमची कशी पडत नाही?" स्वप्नाली नुसती हसली.

माझे नेहमीचे रुग्ण तीन. खोलीत तिघांच्या खाटा होत्या, आणि एकाचं चाललं असताना बाकीचे आपल्या खाटेवर पाळीची वाट बघायचे. बनुबाई, नाथाजी आणि रेश्मा. नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खाटेवरसुद्धा ताठ पडून राहायचे. स्वप्नाली मला पुसायला लागली की ते म्हणायचे, "पोरी, फौजेत आमी हत्यार असंच ठेवायचो." रेश्मा त्यांच्या मुलीच्या वयाची. गावात ब्लाउज शिवायची. घरी तिची लहान मुलगी होती, आणि चार तास पडून असताना ती बहुतेक त्या मुलीबद्दलच बोलायची. बनुबाई तिला चिंच खाऊ नकोस, पाणी घोटघोटच पी, म्हणून दटावायची आणि स्वतः पदराआड चिंच चघळायची. नाथाजी ते पाहायचे आणि छताकडे बघत म्हणायचे, "पहाऱ्यावरचा संत्री झोपलेला दिसतुया." मग खोलीत हसू पिकायचं. एवढं आजारपण असलेल्या खोलीत इतकं हसणं असतं हे मला कारखान्यात कोणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारची गोष्ट मी विसरले नाही. रेश्माचं रक्त माझ्या नळ्यांत फिरत होतं आणि वीज गेली. जनरेटर सुरू होईना. अशा वेळी रक्त नळ्यांत थांबलं तर गोठतं. माझ्या पंपाला एक छोटा दांडा लावता येतो. तो हातानं फिरवत राहिलं की रक्त माणसाच्या अंगात परत जातं. स्वप्नाली रेश्माचा रक्तदाब सांभाळत होती, ती एकटी दोन्ही करू शकत नव्हती. बनुबाईला न्यायला लालासाहेब दारात आले होते. स्वप्नालीनं त्यांना आत बोलावलं आणि दांडा हातात दिला.

"एकसारखं फिरवा, दादा. घाई नको."

ते फिरवत राहिले. घाम त्यांच्या हनुवटीवरून माझ्यावर टपकत होता. रेश्मानं डोळे उघडले आणि म्हणाली, "दादा, मला घरी जायाचंय."

"जाणार हाईस," ते म्हणाले. "बोलू नगंस. गप पड."

शेवटचा थेंब तिच्या हातात परत गेला तेव्हाच त्यांनी दांडा सोडला. मग ते दाराकडे गेले, पाठ करून उभे राहिले आणि बाहीनं डोळे पुसले. ते मी पाहिलं आहे. म्हणून पुढे जे झालं ते मला अजून पटत नाही.

या सगळ्यामुळे लालासाहेबांचं नाव झालं. लोक त्यांना 'मशीनवाले' म्हणू लागले. निवडणूक आली, ते उभे राहिले आणि निवडून आले. पुढच्या दोन वर्षांत ते जिल्ह्याच्या राजकारणात मोठे झाले. ट्रॅक्टर गेला, पांढरी गाडी आली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मलाही बरंच वाटलं, कारण मला वाटलं की आता आपलं माणूस वर आहे.

मग एके दिवशी त्यांनी बनुबाईला सांगितलं, "आई, आता तू हितं यायचं न्हाई. सांगलीत मोठा खासगी दवाखाना हाय. एसी हाय, टीव्ही हाय, खालनं वर लिफ्ट हाय."

"मला टीव्ही काय करायचाय?" बनुबाई म्हणाली. "हितं मला बोलाय माणसं हाईत."

"लोक काय म्हणतील? स्वतः गाडीतनं फिरतोय आन् आईला सरकारी दवाखान्यात टाकलीय."

बनुबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग नाथाजींकडे. नाथाजींनी नजर छताकडे वळवली. मायलेकाच्या मध्ये बोलणं त्यांना बरोबर वाटलं नसावं. दुसऱ्या आठवड्यापासून तिची खाट रिकामी राहू लागली.

मित्रांनो, एक म्हातारी गेल्यानं मशीनला काय फरक पडणार, असं तुम्हाला वाटेल. पण फरक पडला. मला लागणारी औषधी पाण्याची कॅन संपत आली की पूर्वी लालासाहेब वर फोन करायचे, आणि दोन दिवसांत कॅन यायची. त्यांची आई माझ्या भरवशावर होती ना. आता ते फोन बंद झाले. स्वप्नाली फोन करायची तेव्हा पलीकडून उत्तर यायचं, "मागणी पुढं पाठवली आहे." दर काही महिन्यांनी कंपनीचा एक माणूस येऊन मला उघडून तपासायचा. त्याचा करार संपला, तो नवा करायचं कोणी मनावर घेतलं नाही. स्वप्नाली कंत्राटावर होती. तिचा पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी यायचा. तरी ती यायची. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांच्या कपाटातली उसनी गाळणी आण, पलूसच्या ओळखीच्या दुकानातून सुया आण, असं करून तिनं नाथाजी आणि रेश्माचा एकही वार चुकू दिला नाही. पण मी ओढत होते, हे मला कळत होतं.

आणि मग पावसाळ्याच्या शेवटी लालासाहेब पुन्हा त्या खोलीत आले.

नाथाजींचं रक्त नुकतंच धुवून झालं होतं. ते हाताला कापूस दाबून खुर्चीत बसले होते. रेश्मा खाटेवर टेकली होती, आता तिची पाळी होती. लालासाहेबांच्या मागे चार माणसं होती आणि बाहेर टेम्पो उभा होता. त्यांना पाहून नाथाजींचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, एवढ्या दिवसांनी लेकरू खुशाली विचारायला आलं.

"स्वप्नाली, मशीन जरा चार दिवस करंजपेठला न्यायची हाय," लालासाहेब म्हणाले.

करंजपेठ इस्लामपूरच्या बाजूला. तिथलं नवं रुग्णालय आता त्यांच्या हद्दीत येत होतं.

"कशाला, दादा?"

"तिथं डायलिसिसचा विभाग बांधलाय, दहा खाटांचा. मंत्री येणार हाईत उद्घाटनाला. नव्या मशिनी मंजूर हाईत, वाटंत हाईत, पण त्या दिवसापतूर पोचत न्हाईत. एक तरी मशीन दिसाय पायजे."

"दिसायला?" स्वप्नाली म्हणाली. "इथं हिच्यावर दोन माणसं जगतात."

"म्हणून तर चार दिवस म्हणतोय. तवर ह्यांना सांगलीला माझी गाडी नेईल, आणील. सोय लावलीय मी तिथं."

मोठे डॉक्टर दारापर्यंत आले. त्यांना वरून फोन आलेला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निघून गेले. आता बोलली ती रेश्मा.

"दादा, ह्ये चार दिस कवा संपनार? मला भ्या वाटतंय."

लालासाहेब काही म्हणायच्या आत नाथाजीच बोलले. "रेश्मा, असं बोलू नगंस. त्या दिशी ह्येनं आपल्या हातानं तुझं रगत तुझ्या अंगात घातलंय. ह्यो आपल्याला फसवंल व्हय? जाऊ दे मशीन. येतीय परत."

रेश्मा गप्प झाली. लालासाहेबांनी नाथाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, शब्द देतो," ते म्हणाले. मग रेश्माचं चार तासांचं डायलिसिस होईपर्यंत टेम्पो फाटकाशी थांबून राहिला. स्वप्नालीनं त्या संध्याकाळी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतलं. मला दोरानं बांधताना ती त्या माणसांना सारखी सांगत होती, "आडवी करू नका. पाण्याशिवाय चालू करू नका. दोन दिवसांनी आतून धुवायला लागते." ती माणसं "व्हय व्हय" म्हणत होती.

करंजपेठच्या त्या विभागात सगळं चकचकीत होतं. दहा खाटा, दहा पडदे, गुळगुळीत फरशी. पण भिंतीला पाण्याचा नळ नव्हता आणि सांडपाणी जायला भोकही नव्हतं. मला दारासमोरच्या खाटेजवळ ठेवलं आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की फोटोत रुग्ण पाहिजे. साईराज नावाच्या एका धडधाकट कार्यकर्त्याला त्यांनी खाटेवर झोपवलं, हाताला पट्टी गुंडाळली आणि माझ्या दोन नळ्या त्या पट्टीत खोचल्या. नुसत्याच. मला वीज जोडली तशी मी ओरडायला लागले. पाणी नसलं की मला ओरडायलाच शिकवलेलं आहे. एका माणसानं आवाजाचं बटण दाबून मला गप्प केलं.

मंत्री आले, फीत कापली, आत आले. साईराजला त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"लय बरं वाटतंय साहेब," साईराज म्हणाला.

लालासाहेब माझ्या शेजारी उभे होते. फोटो काढताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एकदा तरी त्यांची नजर माझ्याकडे येईल, सावळखोपची आठवण होईल, असं मला वाटत होतं. ते कॅमेऱ्याकडेच बघत राहिले. थोड्या वेळानं सगळे जेवायला गेले आणि बाहेरून कुलूप लागलं.

चार दिवस गेले. चौथ्या दिवशी मी दाराकडे कान लावून होते. मग आठवडा गेला. मग मी मोजणं सोडून दिलं. माझ्या नळ्यांत राहिलेलं थोडं पाणी आधी नासलं, मग आटलं, आणि आत पांढरे खवले धरले. ते मला कळत होतं, पण मी काही करू शकत नव्हते. हार वाळून काळा पडला. थंडी आली आणि गेली. रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जायच्या त्याही बंद झाल्या. नव्या मशिनी आल्या नाहीत. दिवसभर मला एकच वाटायचं. आज मंगळवार असेल तर नाथाजी कुठे असतील? रेश्मा कुणाच्या खाटेवर असेल?

उन्हाळ्यातल्या एका दुपारी कुलूप उघडल्याचा आवाज झाला. आधी बनुबाई आत आली. ती फार वाळली होती. तिच्यामागे रेश्मा, आणि सगळ्यांत शेवटी लालासाहेब. पहारेकऱ्यानं किल्ली काढली आणि तो बाहेरच थांबला.

बनुबाई माझ्यापाशी आली. पत्र्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली. मग लेकाकडे न बघता म्हणाली, "मला वाटत हुतं, ही सावळखोपातच हाय. घरातनं गाडीत, गाडीतनं घरात. मला कुनी सांगितलंच न्हाई."

"आई, नव्या मशिनी येणार हुत्या. मला तसंच सांगितलं हुतं वरनं. आज येतील, उद्या येतील करत ऱ्हायलं."

"रेश्मा, तू सांग," बनुबाई म्हणाली. "नाथाजीच्या दाराशी बसून मला सांगितलंस, तसंच ह्याच्या म्होरं सांग."

रेश्मानं पदर नीट केला. तिचा आवाज चढला नाही.

"दादा, तुमची गाडी दोनदा आली. मग डायवर म्हणाला, साहेबांना लागतीया. आमी एसटीनं जायाला लागलो. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात गर्दी लय. त्येंच्याकडं आमच्या दोघांत मिळून एकाचेच वार शिल्लक हुते. त्येंनी आमा दोघांस्नी आठवड्याला एकेकदा घेतलं. एकेकदानं काय हुतंय? मला धाप लागाय लागली. रात्री आडवं पडता येईना. तवा नाथाआबा त्या डॉक्टरला म्हणाले, माझा वार ह्या पोरीला द्या."

ती थांबली. बनुबाई म्हणाली, "बोल."

"मी न्हाई म्हणाले. रडले. तर मला म्हणाले, त्या दिशी तू बोलत हुतीस, मीच तुला गप केलं. तुला लहान पोर हाय. माझं आता काय ऱ्हायलंय? आन् लालासाहेब मशीन आणतोयच, तवर मी काढतो. शेवटपतूर त्येंना वाटत हुतं तुमी आणणार. सारखं फाटकाकडं बघायचे."

मित्रांनो, अशा रीतीनं मला कळलं की नाथाजी गेले.

लालासाहेब भिंतीला टेकले होते. मग बनुबाई दारासमोरच्या त्या खाटेवर बसली, जिथे साईराज झोपला होता. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि डावा हात पुढे केला.

"लाला, आज माझा वार हाय. मला हितंच लाव."

"आई, हितं कसं लावणार? हितं पाणी न्हाई."

"पाणी न्हाई?"

"न्हाई."

"मग हिला कशाला आणलीस?"

मघापासून लालासाहेब माझ्याकडे पाहायचं टाळत होते, आता त्यांनी पाहिलं. मला राग यायला हवा होता. पण मला फक्त तो दांडा फिरवणारा माणूस दिसत होता, आणि तोच माणूस मला इथे टाकून गेला होता. ही दोन्ही माणसं एकच, हे मला तेव्हाही जुळवता येईना.

"आजच्या आज ही सावळखोपला जाईल," ते हळू आवाजात म्हणाले.

"जाईल तर," बनुबाई उठत म्हणाली. "आन् ही चालू होईतवर मी तुझ्या गाडीत बसणार न्हाई."

त्यांना वाटलं, आई रागात बोलते आहे. ती शांतपणे चपला घालत होती.

मी परत आले. माझी हिरवी खोली तशीच होती, पण पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद पडून वाळून गेलं होतं आणि स्वप्नाली नव्हती. मशीनच नाही तर माणूस कशाला, म्हणून तिचं कंत्राट थांबवलं होतं. ती इस्लामपूरला एका खासगी दवाखान्यात लागली होती. सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम मला बघायला आली. कंपनीचा माणूसही त्याच दिवशी आला. त्यानं मला मागून उघडलं. आतले पांढरे खवले पाहून स्वप्नालीनं तोंड फिरवलं.

"सांगितलं होतं मी त्यांना," ती म्हणाली. "दोन दिवसांनी धुवा म्हणून."

"पंप चालेल," तो माणूस म्हणाला. "पण आतलं बरंच बदलावं लागेल. करार नाही, त्यामुळे आधी मंजुरी आणा."

मोठ्या डॉक्टरांनी स्वप्नालीला विचारलं, ती परत येईल का. ती म्हणाली, "येईन, सर. मला इथलंच काम आवडायचं. पण पगार महिन्याच्या महिन्याला द्या. घरी सांगायला माझ्याकडे आता कारणं उरली नाहीत." डॉक्टर म्हणाले, वर विचारतो. तिनं जाताना माझ्यावर स्वच्छ चादर टाकली.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. मंजुरी या टेबलावरून त्या टेबलावर जाते आहे असं मी ऐकते. लालासाहेब तिच्यामागे हिंडतात, हेही ऐकते. एकदा ते इथे येऊन बराच वेळ बसले होते. कोणाला तरी फोनवर सांगत होते, "साहेब, नवी नको, हीच दुरुस्त करून द्या." पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि नाथाजींच्या रिकाम्या खाटेकडे बघत बसले.

या वेळी मला खिडकीजवळ ठेवलं आहे. तिथून एसटीचा थांबा दिसतो. बनुबाईचे आणि रेश्माचे वार आता एकाच दिवशी येतात. रेश्मा सांगलीच्या सरकारी दवाखान्यात जाते, बनुबाई तिच्या खासगी दवाखान्यात. पण जातात दोघी बसनंच. बस आली की रेश्मा आधी चढते आणि वरून म्हातारीला हात देते. मागे थोड्या अंतरावर पांढरी गाडी उभी असते. लालासाहेब खाली उतरतात, दोन पावलं पुढे येतात. बनुबाई त्यांच्याकडे पाहतच नाही. दार लागतं, बस सुटते, आणि ती मोठी गाडी बसच्या मागोमाग सांगलीपर्यंत जाते. गावातली माणसं थांब्यावर उभी राहून बघतात. कोणी हसत नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची आणि प्लास्टिकची आहे. मला गावातून गावाला नेता येतं, हार घालता येतो, फोटोत उभं करता येतं. पण मी एकटी कुणाला वाचवू शकत नाही. मला स्वच्छ पाणी लागतं, वेळेवर कॅन लागते, स्वप्नालीसारखे हात लागतात, आणि त्या हातांना वेळेवर पगार लागतो. आणि गावातल्या मोठ्या माणसांनी स्वतःच्या आईला माझ्याकडे आणत राहिलं पाहिजे. ती दुसरीकडे गेली की वर फोन करणारं कोणी उरत नाही.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी अधिकारी, कोणी निवडूनही येईल. तुमच्या गावात नवी मशीन आली की टाळ्या जरूर वाजवा. पण वर्षानं पुन्हा त्या खोलीत जा. आत कोणी झोपलं आहे का बघा. दाराला कुलूप असेल तर किल्ली मागा, आणि मिळेपर्यंत तिथून हलू नका. नाथाजींना तेवढं करणारं कोणीतरी हवं होतं.